कापूस नोव्हेंबरचा, पट्टी जूनची: कंप्युटरमधल्या उलट्या तारखांचं दुखणं

"भाऊ, मी सहा नोव्हेंबरले माल टाकेल से, आन तुम्हनं कंप्युटर जून म्हनस. जूनमा ते बियानं लावतस, कापूस कोठे ऱ्हास?"

शेतकऱ्याचा ओरडा दिवाणजींना चालला होता, पण मी बाजूच्याच खुर्चीत बसलेलो आणि सॉफ्टवेअर माझंच, त्यामुळे कान माझे लाल झाले. चोपडा-अमळनेर पट्ट्यातली एक जिनिंग आहे, नाव सांगत नाही, तिथे कापूस खरेदीचा हिशोब मी फार वर्षांपूर्वी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, बांधून दिलेला. हसू नका, आपल्याकडे जिनिंग, दालमिल, पतपेढ्या कुठेही जा, कोपऱ्यात एक तरी ॲक्सेस नाहीतर जुनं व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) अजून निमूटपणे चालू असतं. शेतकऱ्याच्या हातातली पट्टी, म्हणजे मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, बघितली, वजन बरोबर, भाव बरोबर, हमाली बरोबर, आणि तारीख ११ जून २०२४.

मी लगेच दिवाणजींना म्हटलं एक एंट्री करा माझ्यासमोर. त्यांनी केली, त्या दिवशी १८ नोव्हेंबर होती, १८/११/२०२४ टाइप केलं, सेव्ह केलं, उघडून बघितलं तर १८ नोव्हेंबर. परत केली, परत बरोबर. मी एकदम साहेबी आवाजात "टाइपिंग मिस्टेक असेल" असं म्हणून चहा मागवला. ते वाक्य मला अजून टोचतं, कारण या दुखण्याची खरी गंमत तिथेच आहे, ते महिन्याच्या १३ तारखेला आपोआप बरं होतं आणि पुढच्या १ तारखेला परत येतं.

का, ते सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवून घ्या, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

डेटाबेसमध्ये तारखेचं खानं जर खरंच तारखेच्या प्रकारचं असेल, तर आत ०६/११/२०२४ असं काही लिहिलेलं नसतंच. आत असतो एक आकडा. ॲक्सेस आणि एक्सेलमध्ये ६ नोव्हेंबर २०२४ म्हणजे ४५६०२, कुठल्या तरी जुन्या दिवसापासून मोजलेले दिवस, बस. ११ जून २०२४ म्हणजे ४५४५४. बाकीचे डेटाबेस आपापल्या पद्धतीने ठेवतात, पण दिवस आधी की महिना आधी हा वाद आत कुठेच नसतो. स्क्रीनवर दिसतं ते त्या आकड्याला घातलेलं शर्ट. शर्ट बदललं तरी आतला माणूस तोच राहतो, म्हणून "डेटाबेसमध्ये तारीख कुठल्या फॉरमॅटमध्ये सेव्ह आहे" हा प्रश्नच मुळात चुकीचा, आणि दर दुसरा माणूस मला हाच विचारतो.

मग गडबड होते कुठे? जिनिंगमध्ये माल आत येतो तो काट्यावरूनच, वजनात खोट असेल तर ती काट्यावर होते, गंजीत गेल्यावर कापूस काही आपोआप कमी-जास्त होत नाही. तसंच इथे. अक्षरांची तारीख आकडा होते ती जागा म्हणजे काटा. कोणी की-बोर्डवरून टाइप केलं, कोणी एक्सेलची फाइल ओढली, कोणी कोडमध्ये तारीख वाक्यात चिकटवून क्वेरी केली, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारला, अशा तीन-चारच जागा असतात आणि चोर त्यातल्याच एका जागी सापडतो. आकडा एकदा चुकीचा झाला की पुढे कितीही फॉरमॅट बदला, ११ जूनच वेगवेगळ्या कपड्यात दिसत राहणार.

आमच्याकडे झालेलं असं. ऑक्टोबरच्या शेवटी ऑफिसचा जुना पीसी मेला, शेठनी नवीन लॅपटॉप आणला, दुकानदाराने विंडोज टाकून दिलं, आणि इन्स्टॉल करताना कोणी लक्ष दिलं नाही की रीजनमध्ये इंग्लिश युनायटेड स्टेट्स तसंच राहून जातं. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. दिवाणजींनी वीस वर्षांच्या सवयीने टाकलं ०६/११/२०२४, लॅपटॉपने वाचलं सहावा महिना, अकरावा दिवस. यात लॅपटॉपची चूक काय, त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं.

पण १३ तारखेला तो वागला ते मात्र मला चीटिंग वाटतं. १३/११/२०२४ टाइप केल्यावर त्याने म्हणायला हवं होतं की बाबा तेरावा महिना नसतो, थांब. त्याऐवजी ॲक्सेस आणि व्हीबी मनाशी विचार करतात की तेरावा महिना तर नाही, मग हा बहुतेक दिवस असेल, आणि गुपचूप उलटं करून १३ नोव्हेंबर घेतात. एरर नाही, इशारा नाही. म्हणजे १ ते १२ चुकीचं, १३ ते ३० बरोबर, आणि मी पोचलो १८ ला.

जरा हिशोब करू. दर महिन्याचे पहिले १२ दिवस म्हणजे वर्षाचे १४४ दिवस असे आहेत की उलटे वाचले तरी खरीखुरी तारीख तयार होते. त्यातले १/१, २/२, ३/३ असे १२ उलटे केले तरी तेच राहतात. उरले १३२. म्हणजे ३६५ पैकी १३२ दिवशी तुमचं सॉफ्टवेअर न बोलता खोटं लिहू शकतं, आणि बाकीच्या दिवशी एकदम साळसूद. म्हणून डेमो २५ तारखेला देऊ नका, आणि टेस्टिंगला ११ नोव्हेंबर तर अजिबात घेऊ नका. टेस्ट करायची तर दिवस १२ च्या आतला आणि महिन्याच्या आकड्यापेक्षा वेगळा, जसं ६ नोव्हेंबर. मी आता क्लायंटकडे डिलिव्हरीला महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जातो, लोकांना वाटतं पेमेंटसाठी येतो, ते पण असतंच म्हणा.

परत जिनिंगवर. चहा पिता पिता मी खरेदीचं टेबल पावती नंबरप्रमाणे लावलं. हे पहिलं हत्यार, लक्षात ठेवा: तारखेप्रमाणे सॉर्ट करू नका, जो नंबर आपोआप वाढतो त्याप्रमाणे करा. नंबर एकेक करून पुढे जातो तशी तारीख पण पुढेच जायला पाहिजे. आमच्याकडे ३० ऑक्टोबर झाल्यावर तारीख एकदम ११ मार्च, मग ११ एप्रिल, ११ मे, ११ जून, अशी दर महिन्याच्या ११ ला उडी मारत चालली होती, मग खरी ११ नोव्हेंबर, मग ११ डिसेंबर, जी अजून उजाडलीच नव्हती, आणि त्यानंतर शहाण्या मुलासारखी १३ नोव्हेंबर. नोव्हेंबर हा अकरावा महिना, म्हणून सगळे ११. हा नमुना एकदा बघितला की परत कधी विसरत नाही, एकाच तारखेला वर्षभर प्रत्येक महिन्यात माल आलेला दिसला की समजायचं दिवस-महिना उलटे झाले.

११ जूनवर गाड्या पण सगळ्यात जास्त. दिवाणजी म्हणाले होणारच, ६ ला लाभपंचमी होती, दिवाळीत बंद असलेला काटा मुहूर्त करून त्या दिवशी जोरात सुरू झाला. १ आणि २ ला पाडव्यापर्यंत काटा बंदच होता हे आमचं नशीब. तरी ३ तारखेला, भाऊबीजेच्या दिवशी, ओळखीतली एक गाडी घेतली होती, ती जाऊन बसली ११ मार्च २०२४ ला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात, ज्याचं ऑडिट सीएनी केव्हाच उरकलं होतं. शेतकरी ओरडला नसता तर हे आम्हाला थेट पुढच्या ऑडिटला कळलं असतं, आणि तेव्हा कोण कुणावर ओरडलं असतं ते तुम्हीच ठरवा.

आता दुरुस्ती. आधी फाइलची कॉपी, दुसऱ्या पेनड्राइव्हवर, हे सांगायची गरज नाही तरी सांगतो. मग ज्या पावत्या चुकल्या तेवढ्याच नंबरांच्या पट्ट्यात अपडेट क्वेरी चालवायची: वर्ष तेच ठेवा, दिवसाच्या जागचा आकडा महिना म्हणून घ्या, महिन्याच्या जागचा दिवस म्हणून. ॲक्सेसमध्ये याला डेटसिरियल नावाचं फंक्शन आहे, त्याला वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे वेगवेगळे द्यायचे, म्हणजे अंदाज बांधायला त्याच्याकडे काही उरत नाही. ११ नोव्हेंबरची पावती मध्ये आली तरी हरकत नाही, ती उलटी केली तरी तीच.

पण इथे दोन खड्डे आहेत आणि एकात मी स्वतः पडलो, कॉपीवर होतो म्हणून वाचलो. पहिला, मी घाईत नंबरांची अट जरा सैल लावली आणि १८ नोव्हेंबरची बरोबर असलेली एंट्री पण उलटायला गेली. मला वाटलं अठरावा महिना म्हटल्यावर एरर येईल. नाही आला. डेटसिरियल म्हणतं अठरावा महिना म्हणजे १२ आणि वर ६, म्हणजे पुढच्या वर्षीचा जून, आणि देऊन टाकतं ११ जून २०२५. किती कामाचं फंक्शन आणि किती भाबडं. दुसरा खड्डा, हीच क्वेरी चुकून दोनदा चालली तर सगळं परत उलटं होतं, म्हणून टेबलात "सुधारलं" असं एक खानं टाका, त्यात टिक लावत जा आणि टिक नसलेल्यांवरच क्वेरी चालवा. शेवटी आम्ही काट्याच्या छापील पावत्या काढून बसलो, काट्याचं मशीन वेगळं, त्याचं घड्याळ वेगळं, आणि एकेक तारीख ताडून बघितली. दोन तास लागले. एकाच टेबलात एक पीसी बरोबर लिहितोय आणि दुसरा उलटं, अशी खिचडी असेल तर कागदाशिवाय इलाजच नाही, नुसत्या तारखेकडे बघून खरं-खोटं कुणालाच सांगता येणार नाही.

विंडोजची सेटिंग बदलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम: कंट्रोल पॅनल, रीजन, इंग्लिश इंडिया, शॉर्ट डेट बघून घ्या. पण ही सेटिंग मशीनची नसते, लॉगिन केलेल्या युजरची असते, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. दिवाणजींच्या लॉगिनमध्ये बदललं, शेठच्या पोराने त्याच्या लॉगिनमधून एंट्री केली की परत अमेरिका. रात्री आपोआप चालणारं बॅकअपचं किंवा रिपोर्टचं काम सिस्टीमच्या खात्यातून चालतं, त्याचं तिसरंच. त्याच रीजनच्या खिडकीत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह नावाचा टॅब आहे, तिथे कॉपी सेटिंग्ज दाबून वेलकम स्क्रीन आणि नवीन युजर दोन्हीला टिक लावा.

एवढं करून मी निघणार तेवढ्यात आमचं दुसरं दुखणं बाहेर आलं. मी म्हटलं आता ६ नोव्हेंबरचा रिपोर्ट काढून दाखवा. रिकामा! टेबलात एंट्र्या दिसतायत, तारीख बरोबर, रिपोर्ट रिकामा. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "तो रिपोर्ट कधी कधी चालतच नाही, जुन्या पीसीवर पण नव्हता चालत, मी पावती नंबर टाकून काढतो." एक वर्ष! एक वर्ष हा माणूस माझ्या कोडमधल्या चुकीला वळसा घालून काम करत होता आणि मला फोन केला नाही.

तर ही चूक शंभर टक्के माझी, आणि ॲक्सेसमध्ये काम करणारा प्रत्येक जण ही एकदा तरी करतो. क्वेरीच्या वाक्यात तारीख दोन हॅश चिन्हांच्या मध्ये लिहायची असते. मी स्क्रीनवरची तारीख उचलून सरळ हॅशमध्ये चिकटवली होती. मशीन भारतीय, म्हणून चिकटली ०६-११-२०२४ अशी. पण हॅशमधली तारीख ॲक्सेसचं इंजिन नेहमी अमेरिकन पद्धतीनेच वाचतं, तुमच्या विंडोजची सेटिंग काहीही असो, त्याला देणंघेणं नाही. त्याने शोधली ११ जून, आणि जूनमध्ये जिनिंगला कुलूप. १३ च्या पुढे मात्र तेच गुपचूप उलटं करणं, त्यामुळे रिपोर्ट "कधी कधी" चालायचा. हॅशमध्ये वर्ष-महिना-दिवस असं लिहा, #२०२४-११-०६#, ते सगळीकडे एकच वाचलं जातं. त्याहून चांगलं म्हणजे तारीख वाक्यात चिकटवूच नका, पॅरामीटर म्हणून, म्हणजे वाक्यापासून वेगळी, द्या, मग ती आकडा म्हणूनच जाते आणि अक्षर होऊन परत आकडा होण्याचा प्रश्नच मिटतो. हे फक्त ॲक्सेसचं नाही, कुठल्याही डेटाबेसला लागू, वर हॅकिंगपासून पण थोडा बचाव होतो.

बाकी डेटाबेसवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तारीख कशी वाचायची ते लॉगिनच्या भाषेवर ठरतं, यूएस इंग्लिश असेल तर महिना आधी, ब्रिटिश असेल तर दिवस आधी, म्हणून तुमच्याकडे चालणारी क्वेरी दुसऱ्याच्या लॉगिनमधून आऊट ऑफ रेंज म्हणून बोंबलते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जुन्या डेटटाइम प्रकाराच्या खान्यात, लॉगिन ब्रिटिश असेल तर, २०२४-११-०६ हे सरळ दिसणारं रूप पण वर्ष-दिवस-महिना असं वाचलं जातं आणि परत तो आपला ११ जून हजर. तिथे मधल्या रेघा काढून टाका, २०२४११०६ असं सलग लिहा, ते कुठल्याही भाषेत एकच. नवीन डेट किंवा डेटटाइम टू प्रकार वापरले तर रेघांचा हा त्रास नाही. मायएसक्यूएल जुनं असेल आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असेल तर न समजलेली तारीख ००००-००-०० करून ठेवतं, ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू येतो म्हणून हे कमी झालंय. मला पोस्टग्रेसचा स्वभाव आवडतो: महिना आधी अशी सेटिंग असताना १३/११/२०२४ दिलं की तो सरळ एरर देतो आणि वर सांगतो की बाबा तुझी डेटस्टाइल वेगळी असेल बघ. ०६/११ ला तो पण फसतोच, पण १३ तारखेला तरी तोंड उघडतो.

एक्सेलचं एक सांगतो कारण आपल्याकडे अर्धा डेटा तिथूनच येतो. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी खानी पाडलेली साधी अक्षरांची फाइल) डबल क्लिक करून उघडली की एक्सेल विंडोजच्या सेटिंगने तारखा वाचतं. सेटिंग अमेरिकन असेल तर ०६/११ चा जून होतो आणि १३/११ ला ते तारीख मानतच नाही, अक्षरं म्हणून तसंच सोडतं. कॉलम नीट बघा, काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या की समजा घोळ झाला. गंमत म्हणजे डावीकडच्या बरोबर आहेत, उजवीकडच्या शिस्तीत बसलेल्याच खोट्या. शंका असेल तर सेलचं फॉरमॅट जनरल करा, ४५ हजारांच्या आसपासचा आकडा आला तर ती तारीख, काहीच बदललं नाही तर ते नुसतं अक्षर. आणि अशी फाइल डबल क्लिकने न उघडता डेटा टॅबमधून आणा, जुन्या टेक्स्ट विझार्डमध्ये कॉलमला डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) सांगता येतं, पॉवर क्वेरीत लोकेल, म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं ते, निवडता येतं. वर्ष मात्र चार आकडी लिहा हो. पतपेढीत ठेवीची मुदत ३० साली संपते म्हणून नुसतं ३० टाकलं, तर बऱ्याच मशीनवर एक्सेल ते १९३० धरतं, आणि ठेव मुदत संपून नव्वदच्या वर वर्षं झालेली दिसते.

वेबवाल्यांचं दुखणं जरा वेगळं, तारीख उलटी होत नाही, एक दिवस मागे जाते. आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ६ नोव्हेंबरची रात्रीचे बारा ही वेळ जावास्क्रिप्टने जागतिक वेळेत लिहिली की होते ५ नोव्हेंबर, संध्याकाळचे साडेसहा, आणि पुढच्याने वेळ कापून नुसती तारीख घेतली की संपलं. डेटाबेसमध्ये १८:३० दिसलं की तिथेच शोधा. नुसती तारीख पाहिजे असेल तर तिला वेळ चिकटवूच नका.

जिनिंगच्या फॉर्मवर मी आता टाइप करायचा डबा काढून कॅलेंडर दिलंय, आणि काट्याची तारीख आजपासून दोन दिवसांपेक्षा लांब असेल तर फॉर्म पुढे जाऊच देत नाही. ही दोन दिवसांची अट पहिल्यापासून असती तर ३ तारखेची ती भाऊबीजेची गाडी दारातच अडली असती, अक्षरशः एका ओळीचं काम होतं. पट्टीवर महिना अक्षरात छापतो, ०६-नोव्हें-२०२४, शेतकऱ्याला पण वाचायला बरं.

दिवाणजींनी मात्र त्यांची लाल वही बंद केलेली नाही. त्या पानावर लिहिलेलं मी बघितलं, कार्तिक शुद्ध पंचमी, बुधवार, आणि खाली गाड्यांचे नंबर. मी म्हटलं आता कशाला डबल काम, तर म्हणाले राहू द्या हो, ही उलटी वाचता येत नाही. २ डिसेंबरला सकाळी मीच फोन लावला, पहिली गाडी काट्यावर होती, म्हटलं पट्टीवर काय आलंय ते वाचून दाखवा. चष्मा शोधायला त्यांना मिनिटभर लागलं, मग म्हणाले, "दोन... डिसेंबरच आहे. फेब्रुवारी नाही ना पाहिजे तुम्हाला?"